सरत्या वर्षाची उजळणी: बातम्यांच्या प्रश्नमंजूषेमागचा इतिहास

वर्ष संपत आले की सरलेल्या बारा महिन्यांतील बातम्यांवर प्रश्न विचारण्याची प्रथा आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी कुतूहलाने पाहतही नाही. अशी प्रश्नमंजूषा सोडवणाऱ्याच्या तोंडून एक उद्गार मात्र हमखास निघतो: ‘हे याच वर्षी घडलं?’ त्याला बातमी ठाऊक असते, तिच्यातली माणसे ठाऊक असतात, कधी कधी मथळासुद्धा जसाच्या तसा आठवतो, फक्त ती कधीची हे सांगता येत नाही. वरवर सामान्यज्ञानाचा वाटणारा हा खेळ प्रत्यक्षात स्मृतीच्या सर्वांत दुबळ्या अंगाची, म्हणजे कालक्रमाची, परीक्षा घेत असतो. ही गोष्ट ध्यानात यायला बराच काळ जावा लागला, आणि ती ज्यांच्या ध्यानात आली त्यांपैकी बहुतेकांचा बातम्यांच्या व्यवसायाशी काही संबंध नव्हता.

वर्ष हे बातम्यांचे एकक मानण्याची सवय छापील वार्षिकांनी लावली. लंडनचे प्रकाशक रॉबर्ट डॉड्स्ली यांनी 1758 सालच्या घडामोडींचा ‘ॲन्युअल रजिस्टर’ हा ग्रंथ 1759 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे संपादन एडमंड बर्क या तेव्हाच्या तरुण लेखकाकडे होते. पुढे हेच बर्क ब्रिटिश संसदेतील नामांकित वक्ते झाले. युद्ध आणि राजकारणाचा सलग इतिहास हा या ग्रंथाचा कणा असला तरी त्यात ‘क्रॉनिकल’ नावाचे एक स्वतंत्र दालन होते आणि तिथे गुन्हे, अपघात, वादळे, अजब जन्म-मृत्यू अशा नोंदी तारीखवार दिलेल्या असत. राज्यांच्या उलथापालथी आणि चौकटीतल्या किरकोळ बातम्या एकाच बांधणीत ठेवण्याचा हा पायंडा आजच्या वर्षअखेरच्या प्रश्नमंजूषेनेही मोडलेला नाही.

किरकोळ बातम्यांना हंगाम असतो, हे निरीक्षणही जुने आहे. संसदेला सुट्टी लागली की लंडनच्या वृत्तपत्रांत फुटकळ मजकुराचा सुकाळ होतो, या अर्थाने ‘सिली सीझन’ हा शब्दप्रयोग 1861 मध्ये ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात आला. जर्मन भाषेत अशा दिवसांना ‘आंबट काकड्यांचा काळ’ म्हणतात. संपादकाच्या दृष्टीने ही भरतीची सामग्री; पण वर्षाच्या शेवटी वाचकाच्या डोक्यात नेमकी तीच शिल्लक उरते. त्याचे कारण पुढे येईल.

नोंद ठेवणे वेगळे आणि परीक्षा घेणे वेगळे. ठरावीक उत्तरांचे सुटे सुटे प्रश्न विचारून माणसाची हुशारी मोजण्याचे वेड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरले. थॉमस एडिसन यांनी आपल्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवारांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी केली होती आणि 1921 च्या मे महिन्यात ती वर्तमानपत्रांत फुटली. त्याच सुमारास अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या आइनस्टाइन यांना पत्रकारांनी त्यातलाच एक प्रश्न टाकला: ध्वनीचा वेग किती? पुस्तकांत सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, असे त्यांचे उत्तर होते. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि हाताशी शोधयंत्र आल्यावर तो आइनस्टाइन यांच्या बाजूने झुकला असे वाटण्याजोगी परिस्थिती आहे.

1930 च्या दशकात अमेरिकन रेडिओवर प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम सुरू झाले, तर ‘टाइम’ साप्ताहिकाने चालू घडामोडींवरील चाचण्या वाचकांपुढे आणि शाळा-महाविद्यालयांपुढे ठेवल्या. साप्ताहिकाच्या दृष्टीने तो अभ्यासही होता आणि जाहिरातही, कारण चाचणीत नापास होणाऱ्याला वर्गणीदार होण्याचा मार्ग समोरच दिसे. बीबीसीच्या रेडिओ 4 वाहिनीवर 1977 मध्ये ‘न्यूज क्विझ’ आले आणि बातमीची परीक्षा हा विनोदाचा विषय झाला; श्रोत्यांनी वर्तमानपत्रांतून कापून पाठवलेली विचित्र कात्रणे वाचून दाखवणे हा त्या कार्यक्रमाचा लाडका भाग. 1990 मध्ये दूरचित्रवाणीवर ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ सुरू झाले आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओनेही तसाच प्रयोग केला. मधल्या काळात, 15 डिसेंबर 1979 रोजी, माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट यांना ‘ट्रिव्हिअल पर्स्यूट’ या पटावरच्या खेळाची कल्पना सुचली. हेनी वृत्तपत्राचे छायाचित्र-संपादक होते आणि ॲबट क्रीडा-पत्रकार. रोज येणाऱ्या आणि रोज विसरल्या जाणाऱ्या माहितीचे मोल वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्यांना कळावे, यात नवल नाही.

आता कालक्रमाकडे वळू. विसरण्याचे मोजमाप प्रथम केले ते जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी. 1885 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्वतः पाठ केलेली निरर्थक अक्षरे किती वेगाने पुसली जातात हे आकड्यांत मांडले. परंतु निरर्थक अक्षरे म्हणजे घटना नव्हेत. घडलेल्या गोष्टी कशा विसरल्या जातात हे पाहण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅरिगोल्ड लिंटन यांनी 1972 मध्ये एक चिवट उपक्रम हाती घेतला आणि तो सहा वर्षे निभावला. दिवसाला किमान दोन घटना एकेका कार्डावर थोडक्यात लिहायच्या, दर महिन्याला साठ्यातून काही कार्डे नेम न धरता काढायची, त्यांतली आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे ठरवायचे आणि प्रत्येकीची तारीख सांगायचा प्रयत्न करायचा. काही वर्षांनी अशी कार्डे हाती येऊ लागली की अक्षर स्वतःचे, वाक्य स्वतःचे, पण त्यावरून काहीच उभे राहीना. परगावच्या एका समितीच्या बैठकांना त्या वारंवार जात असत. पहिली फेरी मनात स्पष्ट राहिली आणि नंतरच्या सगळ्या एकमेकींत विरघळून ‘बैठकीला जाणे’ अशी एकच सरमिसळ आठवण उरली. एकाच खटल्याच्या सुनावण्यांचे किंवा लांबत गेलेल्या वाटाघाटींचे वाचकाच्या मनात नेमके हेच होते.

डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी पुढची पायरी गाठली. 1978 ते 1983 या सहा वर्षांत त्यांनी आपल्या आयुष्यातील 2,402 घटना टिपल्या आणि प्रत्येकीचे चार तुकडे केले: कोण, काय, कुठे, केव्हा. त्यांच्या एका नोंदीचे उदाहरण बोलके आहे: कोण, तर लिओनार्दो दा विंची, काय, तर त्यांचे ‘अखेरचे भोजन’ हे चित्र पाहायला गेलो, कुठे, तर मिलानमधील एका चर्चमध्ये, केव्हा, तर शनिवार, 10 सप्टेंबर 1983. मग एकेक तुकडा समोर ठेवून बाकीचे आठवायचे. ‘काय’ हा धागा सर्वांत उपयोगी ठरला. नुसती तारीख समोर ठेवली, तर मात्र जवळजवळ काहीच हाती लागेना. मनात तारखांचे रकाने नसतातच. घटना माणसांच्या, जागांच्या आणि प्रसंगांच्या आधाराने साठवल्या जातात, आणि तारीख बहुधा नंतर तर्काने लावली जाते: तेव्हा उन्हाळा होता, त्याच सुमारास निवडणूक होती, म्हणजे अमुक महिना असणार.

हा तर्क कुठे फसतो याचा एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चाची पाहणी करताना कुटुंबांनी सांगितलेल्या आकड्यांचा मेळ बसत नव्हता. जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी 1964 मध्ये दाखवून दिले की विचारलेल्या मुदतीच्या आधी झालेला खर्चही लोक प्रामाणिकपणे त्याच मुदतीत जमा धरतात. दुर्बिणीतून पाहावे तशी दूरची घटना जवळ ओढली जाते. पुढे 1985 मध्ये नॉर्मन ब्राउन, लान्स रिप्स आणि स्टीव्हन शेव्हेल यांनी बातम्यांवरच प्रयोग केले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घटनेविषयी माणसाला जास्त माहिती असते ती त्याला प्रत्यक्षापेक्षा अलीकडची वाटते, आणि जिच्याविषयी कमी माहिती असते ती जुनी वाटते. म्हणून गेल्या वर्षीची गाजलेली बातमी यंदाच्या प्रश्नमंजूषेत घुसवली तर ती बेमालूम खपते, आणि यंदाच्याच जानेवारीतली लहानशी बातमी ‘छे, ती मागची’ म्हणून बाद होते. प्रश्नकर्ते हा डाव सर्रास खेळतात, त्यामागचे संशोधन त्यांना ठाऊक असो वा नसो.

बातम्यांच्या प्रश्नावलीला दवाखान्यातही स्थान मिळाले, हा या इतिहासातला फारसा न सांगितला जाणारा भाग आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला त्याच्या बालपणाविषयी विचारले तर उत्तर पडताळायचे कसे, ही डॉक्टरांची जुनी अडचण. सार्वजनिक घटना मात्र सर्वांपुढे घडलेल्या असतात आणि त्यांची तारीख निश्चित असते. लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी 1970 च्या सुमारास सहकाऱ्यांसह अशा घटनांवर प्रश्नावल्या तयार केल्या. वृद्धांना अलीकडचे आठवत नाही पण जुने लख्ख आठवते, या सार्वत्रिक समजुतीला या चाचण्यांनी धक्का दिला. मोजून पाहिल्यावर जुन्या घटनांची आठवणही झिजलेलीच निघाली. परंतु या पद्धतीत एक खोट होती. मोठ्या घटनेची वर्षानुवर्षे चर्चा होत राहते, त्यामुळे उत्तर आले तरी ती आठवण मूळची की नंतर ऐकलेली, हे कळत नाही. अमेरिकेतील लॅरी स्क्वायर आणि पामेला स्लेटर यांनी 1975 मध्ये यावर सुंदर तोड काढली: एकच हंगाम चालून बंद पडलेल्या दूरचित्रवाणी मालिकांची नावे विचारायची. फारशी न गाजलेली, पुन्हा न दाखवलेली, नंतर कुणी न उगाळलेली. विजेचे धक्के देऊन उपचार केलेल्या रुग्णांना या चाचणीत आदल्या काही वर्षांतल्या मालिका विसरायला झालेल्या आढळल्या, त्याहून जुन्या मात्र शाबूत होत्या.

हीच कसोटी वर्षअखेरच्या प्रश्नमंजूषेला लावली, तर अजब बातम्यांचे महत्त्व उमगते. सरकार पडल्याची बातमी महिनोन्‌महिने चघळली जाते. तिचे उत्तर देणाऱ्याने ती तेव्हा लक्षपूर्वक वाचली होती असे म्हणता येत नाही. भुयारात अडकलेल्या एखाद्या जनावराची बातमी एकदाच येते आणि जाते. ती ज्याला आठवते त्याने ती त्या दिवशी वाचलेली असते. शिवाय ती टिकण्याची शक्यताही अधिक असते, कारण जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी 1933 मध्येच दाखवले होते की सारख्या वस्तूंच्या रांगेत एक निराळी वस्तू ठेवली तर ती अधिक चांगली लक्षात राहते. माझ्या मते चांगल्या प्रश्नकर्त्याची पारख इथेच होते. ठळक मथळ्यांवरचे प्रश्न कुणीही काढील. वर्षभर चौकटीतल्या बातम्या तारखेनिशी बाजूला काढून ठेवणे हे कष्टाचे काम. डिसेंबरात बसून आठवू म्हटले, तर त्याच्या स्वतःच्याच स्मृतीत शेवटच्या दोन महिन्यांची गर्दी झालेली असते. चार पर्याय दिले की हा खेळ बराच सौम्य होतो, कारण ओळखणे हे आठवण्यापेक्षा बहुधा सोपे असते.

या सगळ्या परंपरेत एक प्रश्नपत्रिका वेगळी उठून दिसते. आयल ऑफ मॅन या बेटावरील किंग विल्यम्स कॉलेज या शाळेत 1905 पासून नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलांना सामान्यज्ञानाची पत्रिका दिली जाते. तिच्यात प्रत्येकी दहा प्रश्नांचे अठरा गट असतात. मुलांनी ती आधी तयारीविना सोडवायची, मग सुट्टीत घरी नेऊन उत्तरे धुंडाळायची आणि परतल्यावर पुन्हा परीक्षेला बसायचे, असा शिरस्ता होता. 1999 पासून ती ऐच्छिक झाली. 1951 पासून ‘गार्डियन’ ती दरवर्षी छापत आला आहे. एखादी गोष्ट कुठे सापडेल हे ठाऊक असणे हाच विद्वत्तेचा सर्वांत मोठा भाग, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्या माथ्यावर असते. तिचा पहिला गट बरोबर शंभर वर्षांपूर्वीच्या घटनांवर असतो, जिथे कुणाचीच स्मृती कामाची नाही, आणि अठरावा नुकत्याच सरलेल्या वर्षावर.