रात्री अकरालाही तापलेला स्लॅब

मे महिन्यात अकोला, जळगाव, नागपूरकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा हा रोजचा अनुभव. सूर्य मावळून चार तास होतात, बाहेर वारा सुटतो, तरी घरात अंगाची लाहीलाही होतच राहते. याचं कारण खोलीतल्या हवेपेक्षा डोक्यावरच्या स्लॅबमध्ये जास्त असतं.

दहा बाय दहाच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब जवळपास पावणेतीन टनांचा भरतो. उष्णता काँक्रीटमधून खाली झिरपायला काही तास लागतात, म्हणून दुपारचं ऊन आपल्यापर्यंत संध्याकाळी पोचतं. एवढा स्लॅब दहा अंशांनी निवायचा तर साधारण सात युनिट विजेइतकी उष्णता त्यातून बाहेर पडावी लागते. काही आकाशाकडे जाते, उरलेली आपल्या खोलीत. तीही बरीचशी प्रारणाच्या, म्हणजे अदृश्य किरणांच्या, रूपाने थेट अंगावर. त्यामुळे खोलीतला तापमापक ३२ अंश दाखवत असला, तरी शरीराला त्याहून जास्त तापमान जाणवतं. पंख्याने घाम वाळतो, बरं वाटतं. पण प्रारण अडवणं त्याला जमत नाही, आणि छतालगतची गरम हवाही तोच खाली ढकलतो. एसीचीही बरीच वीज या स्लॅबशी झुंजण्यात जाते.

म्हणून एसीची चौकशी करण्याआधी गच्चीवर जाऊन या. काळवंडलेलं काँक्रीट उन्हाचा निम्म्याहून बराच जास्त भाग शोषून घेतं. त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात दिले की बहुतेक ऊन परत फिरतं. होळीच्या सुमारास गच्ची घासून धुवावी आणि चुन्यात फेविकॉल कालवून मारावा. पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, पण खर्च इतका कमी की माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी. गच्चीची दुरुस्ती निघालीच असेल, तर ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्यावं. ते वर्षानुवर्षं टिकतं. धूळ मात्र झाडत राहायला हवी, मळलेला पांढरा रंग ऊन शोषू लागतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याचाही उपयोग होतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खेचली जाते. पण जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा सल्ला कुणाला देववत नाही.

विदर्भाला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. आपल्याकडे त्याची गरज तसूभरही कमी नाही, विशेषतः पत्र्याच्या घरांना. चकचकीत कोरा पत्रा ऊन परतवतो खरा, पण जेवढी उष्णता शोषतो ती प्रारणाने सहज सोडत नाही, म्हणून चटका देण्याइतका तापतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही आकाशाकडे सोडतो. पत्र्यावर चुना नीट धरत नाही. तिथे छतासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंगच घ्यावा आणि आधी गंज खरवडून काढावा.