पत्ता नसलेल्या पीडीयूला पत्ता कसा द्यायचा?

वायर जोडली की पुढचं सगळं आपोआप होतं, हा समज घरच्या वायफाय बल्बांनी पक्का करून टाकलाय. डेटा सेंटरमधल्या पीडीयूच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. पीडीयू म्हणजे रॅकला मागे बसवलेली विजेची पट्टी. तिच्या स्विच्ड प्रकारात प्रत्येक आउटलेटमागे रिले असतो. नेटवर्कवरून हुकूम आला की तेवढंच आउटलेट बंद-चालू होतं. ऐरोलीतला गोठलेला सर्व्हर पुण्यात बसून रीस्टार्ट करता येतो तो असा. पण हुकूम पोचायला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हवा, आणि कोऱ्या पीडीयूकडे तो नसतो.

डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणारी सेवा, देईल की! देईलही. पण डीएचसीपी सर्व्हरच त्या रॅकमध्ये असेल आणि तोच बसला तर? सर्व्हर उठवायला पीडीयू हवा, आणि पीडीयूला पत्ता मिळायला सर्व्हर. म्हणून अशा उपकरणाला कायमचा पत्ता हातानेच दिलेला बरा.

आता माझ्या आवडीची गंमत. पीडीयूत बसणाऱ्या एपीसी कंपनीच्या अनेक नेटवर्क कार्डांना नुसता पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटं पाकीट, पाठवून पत्ता देता येतो. पण ज्याला पत्ताच नाही, त्याला पिंग पोचतो कसा?

एकाच लॅनवरची, म्हणजे एकाच स्थानिक नेटवर्कवरची, डेटाची पाकिटं खरं तर आयपीवर चालतच नाहीत. ती मॅक ॲड्रेसवर पोचतात. हा ४८ बिटांचा आकडा कारखान्यातच कार्डात भरलेला आणि लेबलवर छापलेला असतो. एरवी आपला संगणक आधी सगळ्यांना विचारतो, 'हा आयपी कुणाचा?' ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो. हीच १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने मांडलेली एआरपी पद्धत. कोरं कार्ड या प्रश्नाला गप्प बसतं, कारण तो आयपी आपला आहे हे त्याला ठाऊकच नाही. मग आपण प्रश्न टाळून उत्तरच लिहून ठेवायचं: संगणकाच्या एआरपी तक्त्यात अमुक आयपी म्हणजे तमुक मॅक, अशी नोंद हाताने करायची. नंतर त्या आयपीला ११३ बाइटचा पिंग पाठवायचा. मॅक जुळल्यामुळे कार्ड पाकीट आत घेतं, आकार ११३ आहे हे पाहतं आणि पाकिटावर लिहिलेला आयपी स्वतःचा म्हणून स्वीकारतं. बाळाला हाक मारली आणि तेच त्याचं नाव झालं, असं हे बारसं! विंडोजचा नेहमीचा पिंग ३२ बाइटचा, लिनक्सचा ५६ चा. तेव्हा ११३ चा पिंग सहज चुकून येत नाही.

हे राउटरपलीकडून जमत नाही, कारण एआरपी लॅनची वेस ओलांडत नाही. शिवाय मिळतो तो फक्त आयपी. कार्डात शिरून सबनेट मास्क (आपलं लॅन कुठवर, हे सांगणारा आकडा) आणि गेटवे (लॅनबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) भरावेच लागतात. गेटवे चुकला तर शेजारच्या लॅपटॉपवरून सगळं सुरळीत दिसतं आणि पुण्याहून काहीच दिसत नाही.

त्याच बैठकीत पासवर्डही बदलायचा. सर्व्हर रूमच्या दाराला लिंबू-मिरची टांगायची आणि आत फॅक्टरीचा पासवर्ड तसाच ठेवायचा, हा प्रकार मला कधीच कळला नाही. एपीसीच्या जुन्या कार्डांत युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'एपीसी'च असायचे, आणि टेलनेट या दुरून शिरायच्या जुन्या पद्धतीने गेलात तर तुमचा नवा पासवर्डही वायरीतून उघडाच जातो. एसएसएच, म्हणजे तेच काम कूटबद्ध करून करणारी पद्धत, असेल तर ते सुरू करून टेलनेट बंद करावं.