सांगलीत दाद कुठे मागायची? भेदभावविरोधी कायद्याची पार्श्वभूमी

सरकारी दवाखान्यात किंवा रेशन दुकानात एखाद्या तृतीयपंथी वा समलिंगी व्यक्तीची अडवणूक झाली, तर दाखवायला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा कायदा नाही. आपल्याकडे असे कायदे संसद किंवा विधिमंडळ करते. महापालिकेच्या हाती उरते ती अंमलबजावणी.

दख्खनमध्ये पूर्वी उलट चित्र होते. मराठेशाहीत काही हिजड्यांना गावोगाव धान्य-पैसा मागण्याचा हक्क होता, क्वचित इनाम जमीनही, आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. कंपनी सरकारने सार्वजनिक सभ्यतेचे कारण काढून १८५२ च्या इनाम कायद्याने अशा हक्कांच्या मुळावर घाव घातला. १८६२ पासून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू झाले. त्यानंतर समलिंगी माणसाने भेदभावाची तक्रार करायची म्हणजे स्वतःच गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते.

हे कोडे सांगलीत कोर्टाआधी आरोग्याच्या कामातून पुढे आले. १९९२ मध्ये ‘संग्राम’ संस्थेने इथे वेश्याव्यवसायातील महिलांबरोबर एचआयव्हीचे काम सुरू केले. पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि याच व्यवसायातील पुरुष व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटनाही. रुग्णाला हात लावायलाच नकार देणारा दवाखाना असेल, तर प्रतिबंधाचे फलक लावून काय उपयोग? एचआयव्हीबाधितांना उपचार नाकारण्यावर कायद्याने बंदी यायला मात्र २०१७ उजाडले.

त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८ फारसे कुणाला माहीत नसते. लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करू नये, असे ते स्पष्ट म्हणते. गंमत अशी, की तेव्हा कलम ३७७ जिवंत होते! ते ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या प्रौढ संबंधांपुरते रद्द केले. त्याआधी, १५ एप्रिल २०१४ ला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नाल्सा) खटल्यात याच न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथीयांना मूलभूत हक्क मान्य केले होते.

त्यावरून २०१९ चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा आला, जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, सार्वजनिक सोयी, घरभाडे अशा सगळीकडे भेदभावाला कलम ३ ने मनाई केली. ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, त्यामुळे दिल्लीचा कायदा विजयनगरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत पोचला. पण मूळ कायद्यात मेख आहे. शिक्षा सांगणाऱ्या त्याच्या कलम १८ मध्ये सार्वजनिक जागी मज्जाव, घरातून हुसकावणे, छळ हे गुन्हे आहेत. दवाखान्याने साधा उपचार नाकारला तर त्यासाठी तिथे काहीच नाही. शिवाय लैंगिक अत्याचारालाही कमाल शिक्षा दोनच वर्षे. हा मसुदा करणाऱ्यांचा हलगर्जीपणाच म्हणायचा.

समलिंगी जोडप्यांना तर या कायद्याचा उपयोगच नाही. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील धरावे. संयुक्त बँक खात्याबाबतही खुलासा झाला. मात्र ही पत्रे आहेत. तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या बाबूने ती बाजूला सारली, तर त्याला दंड कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही.