इंग्लंडमधली विटांनी मढवलेली लाकडी घरं

दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या जुन्या गावांत रस्त्यावरून बघितलं तर घर अठराव्या शतकातलं, लाल विटांचं, सरळ रांगेत खिडक्या असलेलं दिसतं, आणि बाजूच्या बोळातून मागे गेलं की तेच घर त्याहून दोनेकशे वर्षं जुनं, ओकच्या खांब-तुळयांचं निघतं. सांगाडा तसाच ठेवून फक्त दर्शनी भिंत विटांची करायची ही पद्धत साधारण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत जोरात होती.

मूळ बांधकाम खणांच्या हिशोबाचं. ओक ओला असतानाच कापून खाचांमध्ये बसवायचा, वर लाकडी खुंट्या मारायच्या, सगळं वजन खांबांवर आणि मधल्या भिंती कुडाच्या, माती-शेण-गवताने लिंपलेल्या. वरचा मजला बऱ्याचदा रस्त्यावर पुढे आलेला असायचा, त्याला जेटी म्हणतात. तोंड बदलताना त्या पुढे आलेल्या कडेखालीच नवी भिंत उभी केली की दर्शनी भाग सपाट व्हायचा आणि खालच्या खोलीला थोडी जागाही मिळायची, काही ठिकाणी मात्र जेटी सरळ कापूनच टाकली.

हे का केलं यावर आगीची भीती हे उत्तर नेहमी दिलं जातं. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये १६६७ च्या कायद्याने वीट किंवा दगड सक्तीचा झाला हे खरं, पण तो कायदा लंडनपुरता होता, आणि लहान गावांत मागची बाजू लाकडीच ठेवून फक्त पुढून वीट लावली जायची, त्यावरून फॅशन हे कारण जास्त पटतं.

खरा वाद आहे तो मॅथेमॅटिकल टाइल्सचा. ही कौलाचीच एक जात, वरचा पातळ भाग पट्ट्यांवर खिळ्याने ठोकायचा, खालचा जाड भाग विटेच्या तोंडासारखा बाहेर दिसतो, दरजा चुन्याने भरल्या की भिंत हुबेहूब विटांची वाटते. केंट आणि ससेक्समध्ये या सगळ्यात जास्त सापडतात, ब्रायटनला आणि लुइसला काळ्या चकचकीत टाइल्सची घरं आजही आहेत. १७८४ मध्ये विटांवर कर बसला म्हणून तो चुकवायला या निघाल्या, असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. पण सरेमध्ये डॉर्किंगजवळ वेस्टकॉटला १७२४ साल असलेलं उदाहरण आहे, म्हणजे कराच्या ६० वर्षं आधीचं, आणि १७८४ चा कर कौलांवरही होताच, कौलांवरचा १८३३ ला उठला आणि विटांवरचा १८५० ला, त्यामुळे कराचा फायदा मिळाला असेल तर तो मधल्या १७ वर्षांत, जेव्हा या टाइल्सची लाट ओसरत आली होती. वास्तुकार हेन्री हॉलंडने तर ऑलथॉर्पसारखा मोठा विटांचा वाडा १७८० च्या दशकाच्या शेवटी याच टाइल्सने, फिकट रंगाच्या, मढवला, तिथे पैसे वाचवायचा प्रश्न नव्हता, लाल विटेची फॅशन गेली होती. वजन कमी आणि जुन्या सांगाड्याला झेपणारं, हे कारण जास्त साधं आणि आम्हाला जास्त पटणारं आहे. नावात ‘मॅथेमॅटिकल’ का, यावर एकमत नाही.

अशी भिंत ओळखायची असेल तर खिडकीची कड आणि घराचा कोपरा जवळून बघावा. टाइल असेल तर कोपऱ्यावर बऱ्याचदा लाकडी पट्टी मारलेली असते. खरी वीट असेल तरी तिची भिंत कधीकधी चार इंच जाडीचीच असते, फ्लेमिश बॉन्ड (एकाच ओळीत विटेची लांब बाजू आणि टोक आलटून-पालटून दिसेल अशी मांडणी) दिसावा म्हणून अर्ध्या तोडलेल्या विटा टोकाकडून लावलेल्या असतात, आणि लोखंडी पट्ट्यांनी मागच्या खांबांना बांधलेलं असतं. छपराचा तीव्र उतार आणि बुटकी छतं पण खूण सांगतात.

सफोकमधल्या सडबरीचं गेन्सबरो हाउस हे चांगलं उदाहरण. आतला सांगाडा अंदाजे १५२० च्या आसपासचा धरतात, चित्रकार थॉमस गेन्सबरोचे वडील जॉन, कापडाचे व्यापारी, यांनी १७२० च्या दशकात रस्त्याकडे विटांचं तोंड लावलं, थॉमसचा जन्म १७२७ चा. हे घर १९६१ पासून म्युझियम आहे.

विटा काढून लाकूड ‘मोकळं’ करायची हौस एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बरीच झाली आणि त्यात चांगली जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या घाटाची, विटांची तोंडं कायमची गेली, हे वाईटच, कारण ती वीट पण आता त्या घराचीच आहे. उलटा धोका सिमेंटचा. चुन्याच्या दरजा उकरून सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि सगळ्यात आधी पायथ्याची आडवी तुळई कुजते, बाहेरून भिंत सरळच दिसत असते.