मीटरला दोष देण्याआधी पाइप बघा

पाइपमधून किती पाणी गेलं हे मोजणाऱ्या फ्लो मीटरचा आकडा पटला नाही की पहिला हात सेटिंगकडे जातो. गुणांक, म्हणजे मीटर आपल्या मापाला ज्याने गुणतो तो आकडा, जरा वर-खाली केला की हिशेब जुळतो. चूक मात्र जागची हलत नाही.

विद्युतचुंबकीय मीटरच घ्या. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की त्यात विद्युतदाब तयार होतो आणि वेगाबरोबर तो वाढतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तांब्याचे पत्रे सोडून, पृथ्वीच्या चुंबकत्वावर हे करून पाहिलं होतं. हाती काही लागलं नाही. आजचा मीटर तो विद्युतदाब सहज पकडतो, पण पाइप काठोकाठ भरलाय असं धरूनच चालतो. वरचा पाचवा हिस्सा हवेने भरला असेल, तर ८० लिटर गेले तरी तो १०० च्या आसपास दाखवतो. म्हणून तो चढत्या उभ्या पाइपवर बसवलेला बरा. एल्बो (पाइपचं वळण) किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह मीटरला खेटून असेल तर पाणी भोवरत आत शिरतं, तेही आकडा बिघडवतं.

पाइप निर्दोष निघाला की मग कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा खऱ्या मापाशी ताडून बघणं. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वजन: मीटरमधून गेलेलं पाणी टाकीत धरायचं आणि तोलायचं. २० अंश सेल्सिअसला घनमीटरभर शुद्ध पाणी ९९८.२ किलो भरतं, म्हणजे ५०० किलो पाणी ५००.९ लिटर. मीटरने ५१० दाखवले तर तो १.८ टक्के जास्त मोजतोय.

एवढ्यावर थांबू नका. कमी, मध्यम, जास्त अशा तिन्ही प्रवाहांवर बघा. चूक सगळीकडे सारख्याच टक्क्यांची असेल तर गुणांक बदला. ताशी ३० घनमीटरला १ टक्का आणि ३ घनमीटरला १० टक्के असेल, तर दोन्हीकडे चूक ०.३ घनमीटरचीच आहे, म्हणजे शून्य सरकलंय: पाणी थांबलेलं असतानाही मीटर शून्य दाखवत नाही. आकडे दर वेळी वेगळेच येत असतील तर हवा किंवा अर्थिंग तपासा.

शून्य लावताना मात्र घाई नको. व्हॉल्व्ह बंद, पाइप भरलेला, तरी मीटर ०.३ दाखवतोय, लगेच शून्याचं बटण दाबलं आणि व्हॉल्व्ह गळका निघाला, तर ती गळती यापुढे प्रत्येक मोजणीतून वजा होत राहील. आधी पंप थांबवा, मीटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा. आकडा शून्यावर आला तर तो गळका व्हॉल्व्ह बदला; तसाच राहिला, तरच मीटरला हात लावा.