एटीव्हीचा दम नेमका केव्हा जातो?

बेळगावजवळच्या जांबोटीच्या बाजूला माझ्या मामेभावाची काजूची बाग आहे. खताची पोती आणि पाण्याचे पाइप बागेत फिरवण्यासाठी त्याने गोव्याच्या किनाऱ्यावरून एक जुनी एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी छोटी उघडी गाडी आणली. तिच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्बोरेटर करतो. रुंद टायरांची ही गाडी चिखलातून सहज निघते. पण गेल्या पावसाळ्यानंतर ती चढावर दम टाकू लागली. फिटरने दोनदा कार्बोरेटर उघडून साफ केला, तरी फरक पडला नाही. त्याला तरी काय दोष द्यावा? आपल्याकडे इंजिनाची कोणतीही तक्रार ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ इथूनच सुरू होते.

वास्तविक पहिला प्रश्न असा विचारायला हवा की, दम जातो तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो की पडतो. अनेक एटीव्हींमध्ये गिअरपेटीऐवजी रबरी पट्टा आणि दोन पुली असतात. ओढ्यातून जाताना पट्ट्याच्या पेटीत पाणी शिरले, की पट्टा घसरतो, इंजिन जोरात ओरडते आणि गाडी मात्र जागची हलत नाही. अशा वेळी इंजिनाला हातही लावायचा नसतो. पट्ट्याच्या पेटीतले पाणी काढून टाकायचे आणि पट्टा वाळू द्यायचा. उलट ॲक्सिलरेटर दिला तरी आवाज चढतच नसेल, तर दोष इंजिनात किंवा त्याला मिळणाऱ्या हवा, पेट्रोल आणि ठिणगीत आहे.

दुसरा प्रश्न, किती वेळाने? मामेभावाची गाडी सकाळी झकास सुरू व्हायची, दहा-बारा मिनिटे चालायची, मग ठसके देत बंद पडायची आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा सुरू व्हायची. ही लक्षणे तापल्यावर तुटणाऱ्या इग्निशन कॉइलचीही (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या वेटोळ्याचीही) असू शकतात. म्हणून गाडी बंद पडताच मी त्याला पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवायला सांगितले. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा स्पष्ट आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली. टाकीतले पेट्रोल जसे खर्च होते, तशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. तो मार्ग बंद असेल तर टाकीत अंशतः निर्वात पोकळी तयार होते, वजनाने खाली वाहणारे पेट्रोल अडते आणि कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी हळूहळू उतरत जाते. हवेची बारीक नळी हँडलपाशी वर आणलेली होती. तिच्या तोंडात कुंभारीण माशीने लाल मातीचे नीटस घरटे बांधले होते. तारेने ते काढले. कार्बोरेटर बिचारा विनाकारण दोनदा उघडला गेला होता.

कार्बोरेटरवर संशय घ्यायचाच असेल, तर ॲक्सिलरेटर किती उघडल्यावर त्रास होतो ते पाहावे. अगदी थोडे उघडे असताना पेट्रोल मुख्यतः लहान पायलट जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) येते, मधल्या टप्प्यात कार्बोरेटरमधल्या सुईवर मदार असते आणि जवळजवळ पूर्ण उघडल्यावर मुख्य जेटवर. गाडी जागेवर नीट चालत असेल, पण पूर्ण ॲक्सिलरेटरला अडखळत असेल, तर पायलट जेट साफ करून काही हाती लागत नाही.

या गाडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात-आठ टक्के विरळ असते. त्या प्रमाणात इंजिनाची ताकद थोडी कमी होतेच. शिवाय साध्या कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल तेवढे कमी होत नसल्याने मिश्रण सुमारे चार टक्के गडद होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते. पण आता पंपावर जे पेट्रोल मिळते, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपला साखरपट्टा पाहता त्यातले काही इथल्याच उसाचे असावे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर हे मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. चोर्ला घाट चढून आल्याचा परिणाम आणि इंधनाचा परिणाम एकमेकांना अर्धेअधिक खोडून काढतात. जेट बदलण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा. खरी अडचण पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की येते: इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉलसह ते तळाशी वेगळे होते, आणि टाकीच्या तळातूनच तर इंजिनाला पेट्रोल जाते.

ठिणगी देणारा प्लग काढून पाहावा. काजळी धरलेला असेल तर मिश्रण गडद किंवा एअर फिल्टर तुंबलेला, तेलाने ओला असेल तर इंजिन तेल जाळते आहे.

एअर फिल्टरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. खानापूरच्या पश्चिमेची जांभ्याची धूळ फार बारीक असते आणि फोमच्या फिल्टरला तेल नीट लावलेले नसेल, तर ती आरपार जाते. फिल्टर काढून त्याच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत बोट फिरवावे. बोटाला लाल रंग लागला, तर ती धूळ सिलिंडरमध्येही गेली आहे आणि तिने पिस्टनच्या रिंगा घासल्या असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी प्लगच्या जागी दाबमापक लावतात, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवतात आणि स्टार्टर फिरवतात. कित्येक इंजिनांत सुरू होताना दाब कमी करणारी यंत्रणा असते, म्हणून आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेशीच ताडावा. दाब कमी आला, तर चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर गेला. न वाढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत. सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या यंत्रशाळांना बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करणे, काही नवे नाही, पण आत निकेलचा कठीण मुलामा असेल तर नेहमीच्या बोअरिंगने तो निघून जातो, आणि हे काम देण्याआधीच विचारून घ्यावे लागते.