मोठे अ‍ॅपर्चर आणि स्टॅबिलायझेशन: कमी प्रकाशात कोण काय सावरते

कमी प्रकाशासाठी कोणती लेन्स घ्यावी असे विचारले, की कोणी प्रकाश आत सोडणाऱ्या मोठ्या छिद्राची, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम (झूम न होणारी लेन्स) सुचवतो, तर कोणी स्टॅबिलायझेशन असलेली झूम. हे दोन सल्ले इतक्या सहज एकमेकांच्या जागी दिले जातात, की दोन्हींचे काम एकच असावे असा समज होतो. प्रत्यक्षात स्टॅबिलायझेशन सावरते ती फक्त आपल्या हाताची थरथर. समोरच्या माणसाची हालचाल त्याला थोपवता येत नाही.

दादरच्या फूलबाजारात पहाटे हा फरक स्पष्ट दिसतो. दिव्याच्या पिवळट उजेडात एक मावशी झेंडूचा हार ओवत बसलेल्या असतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट झूम ५५ मिमीवर नेल्यास अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ठेवूनही शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/१३ सेकंदापर्यंत उतरते. लेन्समधला जायरोस्कोप हाताचा कंप ओळखतो, आतले एक भिंग त्याच्या उलट सरकते, आणि टोपली, तराजू, शेजारचा शेवंतीचा ढीग अगदी रेखीव येतो. सुई धरलेली बोटे मात्र पुसट होतात. त्याच उजेडात, त्याच आयएसओवर ५० मिमी एफ १.८ पूर्ण उघडी वापरली, तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दहापट प्रकाश सेन्सरवर पडतो, म्हणून शटर १/१२५ ठेवता येते आणि बोटे सुईसकट स्थिर मिळतात. अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात ते या वेगवान शटरमुळेच. (‘प्राइम’चा अर्थ केवळ फोकल लेंग्थ (५० मिमीसारखा आकडा, दृश्य किती जवळ दिसते ते सांगणारा) ठरलेली असणे एवढाच, प्रत्येक प्राइम फास्ट असतेच असे नाही.)

मला या एफ १.८ लेन्सचे खरे आकर्षण वाटते ते तिच्या उथळ फोकसमुळे. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दोन मीटर अंतरावरून एफ १.८ ला जेमतेम १२ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, आणि बाजारातली गर्दी, दिवे, पिवळे ढीग त्यामागे विरघळून जातात. त्यासाठी झूम फिरवण्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे-मागे व्हावे लागते, आणि त्या हालचालीतच चौकटीत काय ठेवायचे ते नीट ठरते.

हाच उथळपणा संध्याकाळी उजळलेल्या सीएसएमटीच्या इमारतीसमोर अडचणीचा ठरतो, कारण जवळच्या खांबापासून घुमटापर्यंत सगळेच स्पष्ट हवे असते. तिथे एफ ८ आणि संथ शटर लागते, दगड जागचा हलत नाही, आणि स्टॅबिलायझेशन आपले काम चोख करते. समोरून जाणाऱ्या टॅक्सीच्या दिव्यांची रेघ उमटते, तीही शोभून दिसते. कॅमेऱ्याच्या सेन्सरलाच स्टॅबिलायझेशन असेल, तर प्राइम लावूनही हा लाभ मिळतो. फूलबाजारात मात्र मी ते असतानाही शटर १/१२५ च्या खाली नेत नाही, आणि फोकस मावशींच्या चेहऱ्यावर न ठेवता सुईवर ठेवतो.